रहीमसाहेब लक्षात राहिले, रहीममास्तर निसटले

रमाकांत आचरेकर कोण, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री, २०१९ च्या जानेवारीत निधन आणि २०२४ च्या डिसेंबरात शिवाजी पार्कात स्मारक. ते उघडायला खुद्द सचिन तेंडुलकर हजर. शिष्य एवढा मोठा असला की गुरूचं नाव पुसलं जाणं शक्य नसतं. सचिनची प्रत्येक खेळी व्हिडिओवर आहे आणि प्रत्येक व्हिडिओच्या मागे कुठेतरी आचरेकर सर उभे आहेत.

आता दुसरं नाव घेतो. सय्यद अब्दुल रहीम. भारताच्या फुटबॉल संघाने एशियन गेम्समध्ये आजवर दोनच सुवर्णपदकं जिंकली, १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्त्यात. दोन्ही वेळा प्रशिक्षक रहीम होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तेव्हाही तेच. ११ जून १९६३ रोजी कॅन्सरने ते गेले. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. २०२४ च्या एप्रिलमध्ये अजय देवगणचा ‘मैदान’ आला तेव्हा माझ्या वयाच्या कित्येकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

पण फुटबॉलच्या जगात हे नाव कधीच विस्मरणात गेलेलं नव्हतं. हैदराबाद, कोलकाता, मुंबई, गोवा, कुठल्याही जुन्या खेळाडूसमोर ‘रहीमसाहेब’ म्हटलं की समोरचा माणूस जरा सरळ होऊन बसायचा. साठ वर्षं हा आदर टिकला. टीव्हीवर त्यांचा एकही सामना न दिसता, जवळपास निव्वळ तोंडी. तो कसा टिकला, आणि टिकताना त्यातलं काय गळून पडलं, हे या लेखात शोधायचं आहे. जे गळालं, ते जास्त मोलाचं होतं असं मला वाटतं.

पैनगंगेच्या पलीकडे

मी यवतमाळचा. इंजिनिअरिंग झालं आणि नोकरीला हैदराबादेत आलो. यवतमाळहून निघालं की पांढरकवडा, पाटणबोरी, मग पैनगंगेचा पूल, आणि पुलापलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट हैदराबादला नेतो. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना पुणे-मुंबईपेक्षा हे शहर जवळचं, तरी आम्हाला त्याच्याबद्दल बिर्याणी, चारमिनार आणि हायटेक सिटी एवढंच माहीत असतं.

इतिहासात तर आपण याहून जवळ होतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं. १८५३ मध्ये ते कारभारासाठी इंग्रजांकडे गेलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने. मालकी मात्र नावापुरती हैदराबादचीच राहिली, इतकी की १९३६ पासून निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब होता. मराठवाडा तर थेट निजामाच्या राज्यात. आज नांदेड जिल्ह्यात असलेलं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. म्हणून रहीमसाहेबांची गोष्ट मला दूरच्या कुठल्या शहराची वाटत नाही. नदीच्या त्या काठावरच्या शेजाऱ्याची वाटते.

रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचाच. उस्मानिया विद्यापीठात शिकले, फुटबॉल खेळले आणि शाळामास्तर झाले. काचीगुड्याची माध्यमिक शाळा, चादरघाटचं हायस्कूल अशा शाळांत शिकवलं. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेच्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या कामात राहिले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षक.

हा क्रम लक्षात ठेवा: आधी मास्तर, मग सचिव, आणि सगळ्यात शेवटी प्रशिक्षक. सिनेमात आणि चाहत्यांच्या गोष्टींत तो नेमका उलटा होतो.

कूपरेजवरची पाच वर्षं

मुंबईत मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर कूपरेजचं मैदान आहे. तिथे रोव्हर्स कप खेळला जायचा. १८९१ मध्ये सुरू झालेली, देशातल्या सगळ्यात जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. सुरुवातीला ती गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. पहिल्यांदा भारतीय संघाने ती जिंकली १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सने. स्वातंत्र्यानंतर रोव्हर्स म्हणजे मुंबईचा मोसमी सण झाला. गिरण्या, गोदी, बँका आणि कचेऱ्यांतून सुटलेली माणसं संध्याकाळी कूपरेजवर जमत. दिलीपकुमारसारखे नटही सामने पाहायला येत.

या स्पर्धेत हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं कप नेला. १९५० मध्ये दिल्लीतला ड्युरंड कपही त्यांनीच घेतला. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झालं होतं. जेमतेम दोन वर्षांत तिथल्या पोलिसांचा संघ देशाच्या फुटबॉलवर हुकूमत गाजवायला लागला, आणि विलीनीकरणानंतर अडीच वर्षांत तिथला एक उर्दू बोलणारा शाळामास्तर भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

हा संघ वेगळा दिसायचा. त्या काळी आपल्याकडचा फुटबॉल म्हणजे दोन टोकं. एक तर चेंडू लांब मारायचा आणि त्यामागे धावायचं, नाहीतर एकट्याने चार जणांना चकवत सुटायचं आणि प्रेक्षकांकडून टाळ्या घ्यायच्या. हैदराबादचे खेळाडू चेंडू जमिनीवर ठेवत, लवकर सोडत, आणि सोडला की उभे न राहता मोकळ्या जागेत पळत. आज रील्समध्ये ‘पास अँड मूव्ह’ म्हणून जे दिसतं, त्याचं मूळ तत्त्व हेच. नुरे मोहम्मद, अझिझुद्दीन, लतीफ, मोईनुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, पुढे तुलसीदास बलराम, पीटर थंगराज, युसूफ खान. एकाच शहराने एवढे आंतरराष्ट्रीय खेळाडू दिले, हा काही योगायोग म्हणता येत नाही.

रोव्हर्स कप २००१ च्या सुमारास बंद पडला. कूपरेज आहे, पण पाच वर्षं सलग हरवणाऱ्या परक्या संघाला पाहायला मुंबईकर पुन्हा पुन्हा जात, ही आठवण सांगणारी माणसं आता फार थोडी.

१०–१ ते ४–२

चाहत्यांच्या गोष्टींत एक सामना सहसा येत नाही. १५ जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. समोर युगोस्लाव्हिया. भारत १–१० असा हरला. थंडीत आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले. प्रशिक्षक रहीमच होते. भारतीय फुटबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या पराभवांपैकी हा एक.

मला मात्र हा सामना त्यांच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण १९५१ चं सुवर्ण आणि रोव्हर्सचे कप खिशात असताना ‘आमचं बरोबर आहे, हवामान चुकलं’ असं म्हणून परत येणं सोपं होतं. त्याऐवजी त्यानंतर आपल्याकडे बूट घालून खेळणं सक्तीचं झालं. आणि त्याच हेलसिंकीत सुवर्ण जिंकणाऱ्या हंगेरीचा खेळ रहीम यांनी पाहिला होता. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड पुढे चिकटून न राहता मागे यायचा, त्याच्यामागे समोरचा बचावपटू ओढला जायचा आणि तयार झालेल्या जागेत दुसरेच घुसायचे. पुढच्याच वर्षी याच खेळाने हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६–३ हरवलं. रहीम यांनी त्यातलं आपल्याला पेलेल तेवढं उचललं.

चार वर्षांनी हिशेब दिसला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसं झालं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ हरवलं. चारपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. कूपरेजवर वाढलेला मुंबईचा गोवेकर आणि हैदराबादचा मास्तर, ही जोडी त्या दिवशी जुळली. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर. डिसूझाने भारताला १–० आघाडीही मिळवून दिली होती. शेवटी आपण १–४ हरलो, पण चार वर्षांपूर्वीच्या १–१० शी तुलना करा. एकूण चार गोलांसह डिसूझा त्या स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिला ठरला. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०–३ हरून भारत चौथा आला.

१९६० ला रोममध्ये गट कठीण होता. हंगेरीकडून १–२, फ्रान्सशी १–१, पेरूकडून १–३. भारताचा संघ ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये शेवटचा दिसला तो तेव्हाच. त्यानंतर आजपर्यंत आपण पात्रच ठरलेलो नाही.

जकार्ता

४ सप्टेंबर १९६२ चा सामना सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडा प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्याचा राग भारतावर निघाला. आदल्या दिवशी आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. भरलेलं स्टेडियम विरोधात, समोर दक्षिण कोरिया, ज्यांच्याकडून आपण गटात ०–२ हरलो होतो. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच एकेक गोल केला. सामना २–१ असा आपला.

रहीम तेव्हा आजारी होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदक भेट म्हणून मागितलं, असं खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. नऊ महिन्यांनी ते गेले. सिनेमा इथेच संपतो, चाहत्यांची गोष्टही इथेच संपते. डोळ्यांत पाणी यावं अशीच ती आहे.

पण जरा थांबून त्या दोन सामन्यांतले निर्णय बघा. जर्नेलसिंग हा बचावपटू, आशियातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. स्पर्धेत त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. हेडिंग हे बचावपटूचं रोजचं काम, ते आता धोक्याचं. बहुतेक प्रशिक्षकांनी त्याला बाकावर बसवलं असतं. रहीम यांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यात त्याला पुढे, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. मागची बाजू अरुण घोष आणि चंद्रशेखर यांच्यावर सोपवली. अंतिम सामन्यात दुसरा गोल जर्नेलनेच केला. उपांत्य सामन्यात गोलरक्षक होता प्रद्युत बर्मन. अंतिम सामन्यासाठी आजारातून नुकत्याच उठलेल्या थंगराजला परत आणलं, कारण कोरियाचे उंच चेंडू अडवायला उंच माणूस हवा होता.

हे भावनेच्या भरात घेतलेले निर्णय नव्हेत. हे संघातल्या प्रत्येकाला आतून-बाहेरून ओळखणाऱ्या माणसाचे निर्णय आहेत. बचावपटू पुढे खेळू शकतो, कारण सरावात त्याला चेंडू हाताळायला लावलेलं असतं. ‘मला भेट द्या’ हे वाक्य साठ वर्षं टिकलं. त्याच्यामागचा सराव मात्र गोष्टीतून गळून गेला.

आदर कसा टिकला

फलंदाजाची सरासरी पुस्तकात बघता येते. गोल करणाऱ्याचं नाव धावफलकावर लागतं. प्रशिक्षकाचं काम मात्र दुसऱ्याच्या पायांतून दिसतं. त्यात तेव्हा टीव्ही नव्हता. दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं १९५९ मध्ये, मुंबईत १९७२ मध्ये. त्यामुळे रहीमसाहेबांबद्दल आज जे काही सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक त्यांच्या खेळाडूंच्या तोंडून आलेलं आहे.

ही साखळी बघण्यासारखी आहे. पहिली कडी म्हणजे पी. के. बॅनर्जी. खेळणं थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले आणि सत्तरच्या दशकात कोलकात्याच्या मैदानांवर राज्य केलं. मुलाखतीत रहीमसाहेबांचं ऋण ते मान्य करत. दुसरी कडी हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. १९७० च्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार, आणि पुढे १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी, म्हणजे आचरेकर सरांच्याच वर्षी. तिसरी कडी रहीम यांचे चिरंजीव सय्यद अब्दुल हकीम. स्वतः रोम ऑलिंपिकच्या संघात होते, पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले, आणि वडिलांच्या आठवणी विचारेल त्याला सांगत राहिले. चौथी कडी पत्रकार नोव्ही कपाडिया. त्यांनी या खेळाडूंकडे बसून बसून गोष्टी गोळा केल्या आणि २०१७ च्या आपल्या ‘बेअरफुट टू बूट्स’ या पुस्तकात मांडल्या.

आता तारखा बघा. पी. के. बॅनर्जी, मार्च २०२०. चुन्नी गोस्वामी, जकार्त्याचे कर्णधार, एप्रिल २०२०. मुंबईत टाटाकडून खेळलेले आणि जकार्त्याच्या संघातले गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रँको, मे २०२१. हकीम, ऑगस्ट २०२१. कपाडिया, नोव्हेंबर २०२१. तुलसीदास बलराम, फेब्रुवारी २०२३. तीन वर्षांत साखळीच्या इतक्या कड्या निखळल्या. ‘मैदान’चं शूटिंग २०१९ मध्ये सुरू झालं, लॉकडाऊनमध्ये अडकलं, मुंबईत उभारलेला सेट मे २०२१ च्या तौक्ते वादळात मोडला. सिनेमा २०२४ मध्ये पडद्यावर आला तोवर ज्यांनी तो पाहून ‘हे असं नव्हतं, असं होतं’ म्हटलं असतं, त्यातले बरेच उरले नव्हते.

आमच्या धंद्यात यासाठी एक शब्द आहे, ‘बस फॅक्टर’. टीममधल्या किती माणसांना उद्या बसने उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर परिस्थिती वाईट. मी आधी जिथे काम करायचो तिथे एक सिनिअर होते. रात्रीचं डिप्लॉयमेंट फक्त त्यांनाच जमायचं. सगळे त्यांना देव मानत, त्यांच्या किस्स्यांवर जेवणाची सुट्टी संपायची. ते सोडून गेले आणि पुढचे दोन महिने टीमचे हाल झाले. किस्से सगळ्यांना पाठ होते, कमांड कुणालाच नाही. आदर खरा होता. पण त्या आदरामुळेच कुणाला कधी ‘सर, हे लिहून ठेवू का?’ असं विचारावंसं वाटलं नव्हतं.

भारतीय फुटबॉलचं थोडंफार असंच झालं.

निसटलेला मास्तर

रहीमसाहेबांच्या पद्धतीबद्दल जे तुकडे आठवणींतून वाचले आहेत, ते एकत्र ठेवले की वेगळाच माणूस दिसतो.

सगळ्यांत मला आवडलेला तुकडा म्हणजे नॉन-ड्रिबलिंग स्पर्धा. हैदराबादेत ते पोरांसाठी अशा स्पर्धा भरवत, जिथे चेंडू पायात खेळवत पळायला बंदी. आला की सोडायचा. तुम्ही कधी मैदानावर खेळला असाल तर कल्पना करा. सगळ्यात भारी खेळणाऱ्या पोट्ट्याचं शस्त्रच काढून घेतलं. आता त्याला मान वर करून बघावंच लागणार, साथीदार कुठे आहे ते. आणि जो चेंडू सोडतो त्याला पळावंच लागणार, नाहीतर पुढचा पास येणार नाही. नियम एक, पण त्यातून खेळाची अख्खी शैली शिकली जाते, एक शब्द न बोलता.

दुसरा तुकडा, कमकुवत पायाचा. उजव्या पायाने खेळणाऱ्याने फक्त डाव्याने खेळायचं, अशा स्पर्धा. तिसरा, लहान मुलांसाठी उंचीची मर्यादा घातलेल्या स्पर्धा, म्हणजे वयाआधी वाढलेल्या दांडग्या पोरांसमोर बारकी पोरं दबून जाऊ नयेत.

यात गूढ काही नाही. वर्गात शिकवणारा माणूस अभ्यासक्रम जसा बांधतो, तशी ही बांधणी आहे. अवघड गोष्ट तोडायची, एका वेळी एकच शिकवायची, आणि शिकवताना पोराला कळूही द्यायचं नाही की आपण शिकतोय. त्याला वाटतं स्पर्धा चालली आहे. हे सुचायला शाळामास्तर असावं लागतं. आणि ते शहरभर, वर्षानुवर्षं राबवायला असोसिएशनचा सचिव असावं लागतं. मैदानं मिळवणं, पंच नेमणं, वेळापत्रक लावणं, शाळांना पत्रं धाडणं. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक वर्षातून काही आठवडे असतो. मास्तर आणि सचिव बाराही महिने असतो. हैदराबादने एवढे खेळाडू दिले ते या बारा महिन्यांतून.

हाच धागा विदर्भातही सापडतो. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला तो नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. बारसे हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन त्यांनी ‘स्लम सॉकर’ उभं केलं. त्यांच्याही गोष्टीत आपल्याला लक्षात राहतो तो अमिताभ, तो सामना, ती भिंत. पण काम उभं राहिलं ते एका शिक्षकाच्या चिकाटीवर. फुटबॉल प्रशिक्षकांवरचे हे दोन मोठे हिंदी सिनेमे, आणि दोघांतही खरा माणूस पेशाने मास्तर. पडद्यावर मास्तरकी दाखवणं अवघड असतं, कारण तिच्यात क्लायमॅक्स नसतो.

कबरीत गेलेला फुटबॉल?

जुने खेळाडू एक गोष्ट वारंवार म्हणत: रहीमसाहेब जाताना भारतीय फुटबॉलही सोबत कबरीत घेऊन गेले. प्रेमाने म्हटलेलं आहे, त्यामागचं दुःखही खरं आहे. १९७० च्या ब्राँझनंतर एशियन गेम्सच्या पुरुष फुटबॉलमध्ये भारताला पदक नाही. त्यामुळे हे बोलणं पटतंही.

तरी मला ते खटकतं. कारण ते एकदा मान्य केलं की बाकी सगळे सुटले. संघटना सुटल्या, सरकारं सुटली, आपणही सुटलो. एक महापुरुष होता, तो गेला, आता काय करणार! प्रत्यक्षात काय झालं ते इतकं गूढ नाही. जग ९० मिनिटं खेळत असताना आपले देशांतर्गत सामने कितीतरी वर्षं ७० मिनिटांचेच होते. हैदराबादचे चांगले खेळाडू कोलकात्याच्या क्लबांनी नेले. बलराम १९५७ मध्येच ईस्ट बंगालला गेले, नईमुद्दीन १९६६ मध्ये. तो त्यांचा हक्कच होता, पण शहरात नवी फळी घडवणारं काम पुढे कुणी त्या जोमाने चालवलं नाही. जपान आणि कोरिया, ज्यांना आपण १९६२ मध्ये हरवलं, त्यांनी शाळा, कॉलेज, कंपन्या अशी रचना हळूहळू बांधली. आज ते दर वेळी वर्ल्ड कपमध्ये असतात.

म्हणजे एक माणूस गेला म्हणून फुटबॉल गेला नाही. त्या माणसाचं काम आपण त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग समजलो म्हणून गेला. शिस्त, करडा आवाज, आजारपणातला निर्धार, हे सगळं त्याचं होतं, ते त्याच्याबरोबर जाणारच. पण नॉन-ड्रिबलिंग स्पर्धा त्याच्याबरोबर जायचं काही कारण नव्हतं. ती कुणालाही भरवता आली असती.

चाहत्यांना दोष द्यायचा नाही. पुरस्कार नसताना, व्हिडिओ नसताना, सरकारी स्मरण नसताना हे नाव साठ वर्षं जिवंत ठेवलं ते त्यांनीच. त्यांनी नाव राखलं नसतं तर आज हे तुकडेही मिळाले नसते. फक्त एवढंच, की आदर हा सुरुवातीचा टप्पा आहे. ‘किती मोठा माणूस होता’ इथे तो थांबला की स्मारक होतं. ‘नेमकं काय करायचा’ असं विचारलं की अभ्यास सुरू होतो.

यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर संध्याकाळी आजही पोरं फुटबॉल खेळताना दिसतात. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, कुठेही एखादे पीटीचे सर असतातच, जे शाळा सुटल्यावरही शिट्टी घेऊन उभे राहतात. त्यांच्यावर सिनेमा येणार नाही. त्यांच्याकडे एखादी युक्ती असेल, बारक्या पोराला धीट करायची किंवा डाव्या पायाला जागं करायची. तुमच्या खिशात फोन आहे. त्यांना विचारा, रेकॉर्ड करा, दोन ओळी लिहून ठेवा. सर रिटायर झाल्यावर सत्कारात शाल देण्यापेक्षा हे आधी करता येतं.

आणि रहीमसाहेबांबद्दल खरंच काही करावंसं वाटत असेल, तर त्यासाठी पुतळा लागत नाही, वर्गणीही लागत नाही. एक बॉल, एक शिट्टी, दहा-बारा पोरं आणि एकच नियम: ड्रिबल करायचं नाही. पहिली दहा मिनिटं भांडणं होतील. मग कुणीतरी मान वर करून बघेल.